काटकोनातलं भोक

चिखलीत आमच्या घराखालच्या शेडमध्ये लेथ सुरू झालं, की कूलंटचा आंबूस वास जिन्यानं वर येतो. काल तो आला आणि मला पप्पांचे हात आठवले.

मी दहावीत होते. पप्पा भोसरीच्या कंपनीत लेथवर टर्नर. ट्रंकेत लुथरन मिशनच्या जुन्या मासिकाचा एकच अंक होता. त्यात पणजोबांच्या बाप्तिस्म्याची बातमी होती. मी ते पान उघडलं, तर पणजोबांच्या नावाखाली भोक.

"पप्पा, हे काय?"

"उंदरानं खाल्लं असंल."

"काटकोनात?"

शिफ्टवरून आलेले पप्पा मोरीत हात घासत होते. वास जात नव्हता, आणि ते वर बघत नव्हते.

"तुम्हाला आपल्याच माणसांची लाज वाटते," मी म्हणाले. त्यांनी हातांना पुन्हा साबण लावला. त्यांच्या मातीच्या दिवशीही तो राग माझ्या मनात होता.

काल एका ग्रंथालयातून मी मागवलेला त्याच पानाचा फोटो आला. भोकाच्या जागी एक ओळ होती: 'दुष्काळात धान्यासाठी आला, विश्वास पोटापुरताच.' भरल्या पोटाच्या कुणीतरी लिहिलेली. पप्पांनी तेवढीच कापली होती. नावाला ब्लेड लागू दिलं नव्हतं.

हिंजवडीहून मुलीचा मेसेज आला, "आई, तुझे पणजोबा सापडले? पाठव ना."

त्या ओळीवर पांढरा चौकोन ओढून मी फोटो पाठवला.

"मधलं कुठं गेलं?"

मी लिहिलं, "उंदरानं खाल्लं असेल."