‘परमप्रिय’ नव्हे, सर्वांसारखे

महाजन सरांची आणि माझी पहिली ओळख लाल शाईतून झाली. मी नेपानगरची. वडील तिथल्या कागद कारखान्यात, आणि मी रोज पॅसेंजरने बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात बी.कॉम. शिकायला येत असे. पहिल्याच चाचणीत ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ म्हणजे काय, असा प्रश्न होता. कॉलेजचे माध्यम हिंदी. मी ठोकून दिले, ‘वह देश, जिससे हमें सबसे अधिक प्रेम हो.’ पेपर परत आला तेव्हा समासात लिहिले होते : ‘यात प्रेम कुठून आले? भेटा.’

मी घाबरतच भेटले.

“बेटा, ही अक्कल तुझी का पुस्तकाची?”

“पुस्तकाची, सर,” म्हणत मी पुस्तिका पुढे केली. मुखपृष्ठावर सरांचेच नाव होते. सरांचे, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या जोशी सरांचे.

घडले होते ते असे. दोघे जिवलग मित्र, एकाच गल्लीत समोरासमोर राहणारे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मिळून ही पुस्तिका लिहिली. महाजन सरांनी ‘समान व्यवहारवाला राष्ट्र’ असा साधा शब्द घातला होता. जोशी सरांना तो रुक्ष वाटला. छापखान्यात शेवटची मुद्रिते तपासताना त्यांनी न विचारता तो खोडला आणि ‘परमप्रिय राष्ट्र’ असे करून टाकले. परिणामी आमच्या अख्ख्या वर्गाने उत्तरपत्रिकांतून परदेशांवर प्रेम केले. सरांनी दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू म्हटले, जोशी सर ऐकेनात. दोघांचे बोलणे बंद झाले.

त्या दिवशी सरांनी मला जे समजावले, ते मी आज माझ्या विद्यार्थ्यांना तसेच्या तसे सांगते. “पंगत बसली, अन् वाढणाऱ्याने एकाच्या पानावर तूप टाकलं, तं ओळीतल्या सगळ्यांच्या पानावर टाकावंच लागते. कोणी लाडका म्हणून नाई. पंगतीत बसला म्हणून. मतलब, एका देशाला कर कमी केला, तं हा दर्जा दिलेल्या सगळ्यांना तोच कर. बस, एवढंच.” नाव मोठे आणि अर्थ अगदी साधा. अमेरिकेने तर पुढे आपल्या कायद्यात त्याचे नाव बदलून ‘सामान्य व्यापारी संबंध’ असे केले, तेव्हा सर आठवडाभर खुशीत होते.

सर हे नुसते शिकवत नसत, तसे वागतही. माझे इंग्रजी कच्चे, म्हणून मी शंका विचारायला वेगळा वेळ मागितला. सर हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर केले, “हिला शनिवारी दुपारी वेळ दिला आहे, म्हणजे तो सगळ्यांना दिला आहे.” मला तेव्हा रागच आला होता. पण शनिवारी आम्ही चौदाजण जमलो, आणि नेपानगरच्या मुलींची गाडी चुकू नये म्हणून सरांनी तो तास अर्धा तास अलीकडे ओढला, तोही सगळ्यांसाठीच.

जवळच्या फोपनार गावचे एक केळीबागायतदार एकदा सरांकडे आले. केळी आखातात पाठवायची होती, आणि तिकडे आपल्या मालावर जास्त कर लावतील, अशी धास्ती त्यांच्या मनात होती. सरांनी दोन दुपारी बसून त्यांना समान कराचे नियम वाचून दाखवले. ते गृहस्थ निर्धास्त होऊन परतले. आजही दरवर्षी त्यांच्याकडून सरांकडे केळीचा घड येतो आणि तो गल्लीत घरोघर वाटला जातो. समोरचे एक दार सोडून.

हे लिहिले म्हणून सर रागावतील. रागावोत. आपल्या सरकारने पाकिस्तानचा हा ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ दर्जा काढून घेतला, तेव्हा स्टाफरूममध्ये नुसता गलका झाला होता. निवृत्तीनंतरही अधूनमधून तिथे येऊन बसणारे सर तेवढे शांत होते. “सहीने गेलं ते सहीने परत येऊ शकते. दार लावलं म्हणून भिंत नाई होत,” असे ते म्हणाले. मी तेव्हा त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. मनात आले, सर, हे तुमच्या गल्लीतही लागू आहे. बोलायचा धीर मात्र झाला नाही.

तो गेल्या दसऱ्याला झाला. जोशी सर बुऱ्हाणपूर सोडून मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले होते. दुसऱ्या दिवशी सामान हलणार होते. मी सोने द्यायला सरांच्या घरी गेले, तेव्हा ते आपट्याची पाने घेऊन सगळी गल्ली फिरून आले होते, नेहमीप्रमाणे ते दार सोडून. आज नाही तर कधीच नाही, हे मला दिसत होते.

“सर, जोशी सरांचा दर्जा अजून बंदच?”

“तो विषय काढू नको.”

“यात प्रेम कुठून आलं, सर? तुम्हीच लिहिलं होतं. सगळ्यांना देता तेवढंच द्या. उद्या पंगतच उठते आहे.”

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग पिशवीतली उरलेली पाने घेऊन उठले. मी मागे मागे गेले. जोशी सरांनी दार उघडले.

“सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” आमचे सर म्हणाले.

“परमप्रिय म्हणून देता का?”

“नाई. सगळ्या गल्लीला दिलं, तसंच.”

“मग द्या,” जोशी सर म्हणाले, आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. “पंचवीस वर्षं तेवढंच तं पाहिजे होतं.”

मला रडू आवरले नाही, हे कबूल करते. आता दर रविवारी पुण्याहून फोन येतो आणि त्याच शब्दावरून दोघे तावातावाने भांडतात.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सरांसाठी मी काय मागावे? सगळ्यांना मिळते तेवढेच आयुष्य मागावे, अशी त्यांची शिकवण. पण इथे मी त्यांचे ऐकणार नाही. प्रकृती, उमेद आणि पुढची भरपूर वर्षे देताना देवाने सरांच्या बाबतीत उघड उघड पक्षपात करावा. निदान या एका ठिकाणी जोशी सरांचा शब्द बरोबर ठरावा.