मायची माळ आणि डॉक्टरांच्या नळ्या

परवा माझ्या रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर आला. सगळं ठीक आहे म्हणे... मुलाला फॉरवर्ड केला, त्यानं एक अंगठा पाठवला. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी तेरा वर्षांची, गाव किन्हीराजा, आणि आमची माय काविळीची माळ द्यायची.

एका झुडपाच्या हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवून केलेली ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ लांबायची... डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर. बेंबीखाली गेली की कावीळ उतरली. तोवर तेल, हळद, मिरची बंद आणि नुसतं पडून राहायचं.

रविवारी आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. मेडशीची माणसं यायची, मालेगावची यायची. माय कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे, पण त्या दिवशी तिची मान जरा ताठ असायची.

आणि मलाच कावीळ झाली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय...

मायनं माळ घातली. माळ बेंबीखाली गेली, माझे डोळे मात्र पिवळेच. पोटात पाणी ठरेना. देणाऱ्याचा गुण पोटच्या लेकराला येत नाही, असं आमच्याकडं म्हणतात. शेवटी बाबांनी पहाटे मला बैलगाडीत घातलं, मालेगावहून मोटारीनं वाशीमला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं.

गावात सांगितलं, पोरगी मामाकडं गेली. माळ देणारीची पोर दवाखान्यात आहे हे कळलं असतं, तर ओसरीत कोण आलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त त्या मुठीत मी होते.

बाबा आठवड्यातून एकदा यायचे, तासभर बसायचे, मोटार चुकेल म्हणून उठायचे. माय नाहीच. ती मोटारीत बसली असती तर दहा जणांनी विचारलं असतं, कुठं चालली?

बाकीच्या खाटांभोवती घरची माणसं असायची, डबे उघडायचे, भांडणंही व्हायची. मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. मला मायचा फार राग यायचा... तिच्या मानापुढं मी हलकी पडले, असं वाटायचं.

बोलायचे ते डॉक्टरच. दर सोमवारी ते माझं रक्त काढून काचेच्या नळीत उभं ठेवायचे. लाल खाली बसायचं आणि वर पिवळं पाणी यायचं. मग फिक्या पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंतच्या बंद नळ्यांची एक रांग होती, तिच्याशी माझी नळी लावून बघायचे. पहिल्यांदा मी अगदी शेवटच्या नळीशी जुळले होते.

मुंबईहून नवी इंजेक्शनं आली होती. "गुण येईलच असं मी म्हणत नाही," त्यांनी बाबांना सांगितलं होतं, "पण देऊन बघू. खरं काय ते रक्त सांगेल." मला ती मिळत होती. शेजारच्या खाटेवरच्या काकूंनाही कावीळच होती, पण त्यांना नुसता आराम आणि पथ्य.

चौथ्या सोमवारी भरदुपारी दारात माय उभी. डोक्यावर पदर, पाय धुळीनं माखलेले.

मी म्हटलं, "माय, कोनं पाह्यलं तं?"

"पाह्यलं ना. मोटारीत अर्धं गाव होतं," ती शांतपणे म्हणाली. "सांगतलं साऱ्यायले. माही पोरगी वाशीमले दवाखान्यात हाय म्हणून."

मला एकदम रडू आलं. ती माझे डोळे बघत होती... वरची पापणी उचलून, रविवारी लोकांचे बघायची तसेच.

डॉक्टरांनी तिला नळ्यांची रांग दाखवली. मी आता मधोमध आले होते. माय खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग शेजारच्या काकूंची तितकीच फिकी झालेली नळी दाखवून म्हणाली, "इले सुई देल्ली नाही म्हणता. मंग इचं काहून उतरून राह्यलं?"

डॉक्टर हसले. "तेच तर, बाई. इंजेक्शनानं उतरतंय की आपोआप, हे मलाच अजून सांगता येत नाही."

माय हळू आवाजात म्हणाली, "माह्या माळेचंबी तसंच हाय, डाक्तरसाहेब. काड्या वाळतेत, गाठी सैल होतेत, म्हणून माळ लांबते. मले मालूम हाय. पन माळ हाय तोवर मानूस पथ्यानं पडून राह्यते."

मी तिच्याकडं बघतच राहिले. हे तिनं बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढं महिनाभरात मी घरी आले. माय आणि डॉक्टर दोघांनीही त्यानंतर कधी छाती ठोकून मीच बरं केलं असं म्हटलं नाही. इतकी खरी माणसं मला नंतर फार भेटली नाहीत.

ओसरीतली गर्दी मात्र ओसरली. आधी मालेगावची माणसं थांबली, मग मेडशीची, मग गावातली. माय रविवारी ओसरी सारवून दुपारपर्यंत तिथं बसायची. काड्या तोडून आणलेल्या असायच्या, संध्याकाळी त्या गोठ्यामागं टाकून द्यायची. माझ्याकडं बघून कधी टोचून एक शब्द बोलली नाही.

का आलीस त्या दिवशी, असं मला तिला विचारायचं होतं. ते राहूनच गेलं... विचारलं असतं तर ती नुसतीच माझ्याकडं बघून म्हणाली असती, "काहून, तू एकटी होती ना वं तिथं?"