बुजवलेला सांडवा

लोक पावसासाठी देवाला साकडं घालायचे, तेव्हा मी मनात म्हणायचो, पड बाबा, पण बेतानं. मी जात्याच भित्रा. त्यात भोकरदनकडच्या एका गावात नाल्यावर मातीचे बांध घालून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. मातीच्या बांधाच्या डोक्यावरून एकदा पाणी वाहू लागलं की तो बघता बघता वाहून जातो. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात, जादा पाणी निघून जायची मोकळी वाट.

पहिला बांध ज्या काकांच्या शेतात झाला, त्यांना राजी करता करता माझा घसा बसला होता. बांधाच्या खालीच त्यांचं शेतातलं घर. तिथं त्यांची सून आणि तिचं रांगतं पोर असायचं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भादव्यात झड लागली. सकाळी बांध बघायला गेलो. पाणी माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली, आणि सांडवा दिसेना. त्यात दगड आणि मातीनं भरलेली खताची पोती रचलेली.

काका डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तिथंच उभे होते, लग्नघरातल्यासारखे खूश.

"सर, पाणी फुकट जाऊन राह्यलं व्हतं. म्या बुजवून टाकलं. आता बघा कसं भरलंय!"

"काका, जल्दी काढा ती पोती! बांध जाईल!"

"काढू की. पाऊस तर उघडू द्या."

वर्षानुवर्षं कोरड्या विहिरीत डोकावलेला माणूस तो, त्याला वाहून जाणारं पाणी बघवत नव्हतं. हे मला कळत होतं, आणि तरी त्यांची मानगूट धरावीशी वाटत होती.

त्यांना तिथंच सोडून मी खाली पळालो. सून चुलीपुढं भाकरी थापत होती, पोर परातीशी खेळत होतं.

"ताई, पोराला घ्या अन् वर चला, लगेच!"

ती हसली. "बसा की भाऊ, चहा टाकते. एवढ्या पावसात कुठं जाऊ? तुम्हीच म्हणल्ते ना बैठकीत, बांध फुटत न्हाई म्हणून."

सांडवा मोकळा असेल तर फुटत नाही, असं मी म्हणालो होतो. तिच्यापर्यंत अर्धंच पोचलं होतं. समजावत बसायला वेळ नव्हता. मी पोराला उचललं आणि चढाला लागलो. ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून ओरडत माझ्यामागं धावली.

नातू माझ्या कडेवर आणि सून अनवाणी मागं, हे काकांनी वरून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते वाकले आणि पोती ओढू लागले. पोर आईकडं देऊन मीही हात घातला. पाणी सुटलं, पलीकडच्या अंगानं घराला वळसा घालून नाल्यात गेलं. काका त्याच्याकडं बघत रडत होते. बांधाला भेग पडली होती, पण तो राहिला.

सून रडतं पोर छातीशी धरून उभी होती. "आता खरं सांगा भाऊ, फुटतो का न्हाई?"

"फुटतो," मी म्हणालो.

तिनं पोर माझ्या हातात परत दिलं आणि चूल विझवून अंथरुणं वर आणायला खाली गेली.