सड्यावरची दोरी

मास्तर गेल्याची बातमी मला चिपळुणात कळली, आणि तीही एका मोटारीच्या ड्रायव्हरकडून. मी छापखान्याच्या पायरीवर बसून पत्रकाचं मुद्रित तपासत होतो. कसलं पत्रक ते आता आठवतही नाही. त्या महिन्यात आम्ही चळवळीवाल्यांनी बरीच काढली. रत्नागिरीची सर्व्हिस मोटार समोर थांबली, ड्रायव्हर उतरून पाणी प्याला आणि मला ओळखून म्हणाला, "तुमचे ड्रिलमास्तर काल गेले. तुम्हाला ठाऊक असंल असं वाटलं..." मला ठाऊक नव्हतं. मुसलमानाघरची मयत कुणासाठी थांबत नाही. मी पोचलो तेव्हा त्यांना माती देऊन झाली होती, आणि घराच्या पडवीत खुंटीला त्यांची पितळी शिट्टी लटकत होती. त्यावर मी रडलो नाही, मला राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला इतके आठवडे लागले.

इब्राहीम होडेकर त्यांचं नाव, पण गावाला ते नुसते मास्तर. पलटणीत हवालदार होते. छावणीच्या मैदानावर गोऱ्या सोजिरांचा खेळ बघून बघून हॉकी शिकले, आणि पेन्शन घेऊन आल्यावर शाळेत ड्रिल शिकवायला लागले. शाळेला मैदान नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे, उघडा कातळ, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. मास्तरांनी तिथं दगड रचून हॉकीचे दोन गोल केले आणि आम्हा पोरांच्या हातात वाकड्या फांद्या दिल्या. खऱ्या काठ्या शाळेत मोजक्याच, त्या सामन्यापुरत्या बाहेर निघायच्या. मी तिथं काही वर्षं खेळलो, वाईट खेळलो. मास्तर म्हणायचे, "तू बोलतोस बरा. चेंडूशी बोलून बघ, ऐकतो काय."

आता कातळाचा एक गुण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कातळावर चेंडू सरळ येत नाही. गुळगुळीत चालत असतो आणि एकाएकी खाचेवर आपटून छातीएवढा उडतो. मग तो हवेतच घ्यावा लागतो, काठी उचलून. हॉकीचा कायदा सांगतो की काठीचं कुठलंही टोक खांद्याच्या वर गेलं की गुन्हा, लगेच शिट्टी. तो कायदा सड्यावर लावला असता तर खेळ सुरूच झाला नसता. पंच मास्तरच. ते शिट्टी ओठात धरून उभे राहायचे आणि काठ्या वर गेल्या की दुसरीकडे बघायचे. "कायदा मैदानाचा हाय," म्हणायचे, "आपल्याकडं मैदान खंय?" बाहेरच्या शाळांची पोरं आमच्याकडे आली की तीही काठ्या उचलायची. कुणाची तक्रार नव्हती.

या कातळावर गंगाराम तयार झाला. पूर्णगडच्या मच्छीमाराचा पोर, शिकायला मावशीकडे रत्नागिरीत राहिलेला. सगळे त्याला गंग्या म्हणत. सोळाव्या वर्षीच आमच्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, शिडशिडीत, आणि उडालेला चेंडू वरच्या वर असा घ्यायचा की घारीनं मासा उचलावा. काठी डोक्यावरून यायची, चेंडू खाली पडायच्या आत फटका बसलेला असायचा. लोक शेंगा खात सड्यावर बघायला बसत. मास्तर त्याला कधी शाबास म्हणाले नाहीत, पण त्याचा खेळ चालू असला की यांची मान बघत राहावी अशी ताठ व्हायची. स्वतःला मूलबाळ नव्हतं. हे मी लिहितोय, ते कधी बोलले नाहीत.

तेव्हा हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिक जिंकून आला होता आणि मुंबईतल्या प्रत्येक कंपनीला आपला हॉकी क्लब हवा झाला होता. पोरांना नावापुरती नोकरी द्यायची, काम हॉकीचं घ्यायचं, आणि वर याला हौशी खेळ म्हणायचं. अशाच एका गोदीवाल्या कंपनीच्या क्लबाचा सेक्रेटरी आगबोटीनं रत्नागिरीला उतरला. डोक्याला सोला हॅट, पायांत पांढरे बूट. सड्यावर चढता चढता दोनदा बसला. गंग्याचा अर्धा तास खेळ बघितला आणि म्हणाला, "मास्तर, हा पोरगा मला द्या. तयार आहे."

मास्तर म्हणाले, "एक वरीस थांबा साहेब. अजून कच्चा हाय."

"तुम्ही रत्नागिरीकर आंबा काय झाडावर पिकवून मुंबईला पाठवता?" सेक्रेटरी हसला. "कच्चाच काढता ना? बोटीतून येतो, पेंढ्यात पिकतो. हाही पिकेल आमच्याकडे."

सगळे हसले. मास्तरही हसले. आमच्याकडे माणसाला आंब्याचं उदाहरण दिलं की तो नाही म्हणत नाही.

त्या संध्याकाळी सड्यावरून उतरताना मी त्यांना विचारलं, "मास्तर, काठी वर नेतो तो. तिथं चालेल?"  ते म्हणाले, "अरे, तिथं गवत हाय, बिछान्यासारखं. चेंडू उडणारच नाय तर काठी कशाला उचलंल?" मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. गंग्याला बोटीवर चढवताना बंदरावर हार घातले गेले आणि एका वकिलानं भाषण केलं.

त्या वर्षी मीही मुंबईत होतो, छापखान्यात खिळे जुळवायला शिकत. गंग्याचा पहिला मोठा सामना बघायला मी मालकाकडून सुट्टी मागून गेलो. मैदान खरंच बिछान्यासारखं होतं. चेंडू जमिनीला चिकटून धावत होता. आणि गंग्याची काठी... ती वर जातच राहिली. चेंडू पायाशी असताना वर जात होती. तिला खाली काय आहे ते कळतच नव्हतं, ती अजून सड्यावरच होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा तो थांबून इकडे तिकडे बघू लागला. ती आपल्यासाठी आहे हे त्याला समजलंच नाही. त्यानं आयुष्यात ती शिट्टी ऐकली नव्हती. मग दुसरी, मग तिसरी. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "अरे, भात झोडतोय!" लोक हसले. नंतर शिट्टीच्या भीतीनं तो काठी कमरेच्या वर न्यायलाच घाबरायला लागला, आणि मग तो खेळाडूच उरला नाही, एक उंच पोर उरलं, घातलेल्या बुटांत अवघडलेलं.

क्लबानं त्याला आणखी दोनतीनदा खेळवलं. मग गोदामात पोती मोजायला बसवलं आणि मोसम संपल्यावर तेही काम काढून घेतलं. मी सेक्रेटरीला गाठलं. त्याला माझं नावही विचारावंसं वाटलं नाही. "आम्हाला तयार माल लागतो," म्हणाला, "शाळा नाही चालवत आम्ही." मी विचारलं, तयार आहे असं कोण म्हणालं होतं? त्यानं घड्याळ बघितलं. माझं म्हणणं मी तेव्हापासून प्रत्येक सभेत सांगतो आणि इथंही सांगतो. पोरगा तयार आहे की नाही हे ठरवायचा हक्क त्यालाच हवा, जो पोरगा तयार नसला तर त्याला वर्षभर पोसायला तयार आहे. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवावं. हार घेऊन बंदरावर येणाऱ्यांनी तर आधी.

गंग्या परत आला तो रत्नागिरीला न थांबता पूर्णगडला गेला आणि बापाच्या होडीवर चढला. शाळा नाही, सडा नाही. महिनाभर वाट बघून मास्तर म्हणाले, "चल, जाऊन येऊ." मी तोवर मुंबईहून गावी परतलो होतो, सोबत गेलो. भाट्याची खाडी तरीतून ओलांडली, पावस गावापर्यंत बैलगाडी, पुढे चालत. वाटेत त्यांनी तपकीर दोनदा काढली आणि न ओढता परत खिशात ठेवली. गंग्या किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. उठला, आम्हाला बसायला फळी पुढं केली, शहाळी आणली. पलटणीच्या, पावसाच्या, बांगड्याच्या गोष्टी झाल्या. निघायच्या वेळी मास्तर म्हणाले, "गंग्या, ये रे सड्यावर. पोरं तुला विचारतात."

गंग्या जाळ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमी येकदा तरी शिट्टी मारायची व्हती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी मान हलवली, उभे राहिले, आणि आम्ही परत निघालो. पावसला गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आंब्याला पेंढा तरी देतात..."

त्यानंतर आठवड्याभरातच त्यांनी सड्यावर दोरी बांधली. एका टोकाला सुरूचं झाड, दुसऱ्या टोकाला जांभ्याचा खांब, मधे सुंभाची जाड दोरी, ताणलेली. तिच्याखाली पोरांनी चेंडू मारायचा, काठी दोरीला लागता कामा नये. आणि शिट्टी सुरू झाली. इतकी वर्षं ओठात नुसती धरलेली शिट्टी आता दर काठीला वाजायला लागली. कातळ तोच, चेंडूचं उडणं तेच. उडालेला चेंडू पोरांनी सोडून द्यायचा, तो लांब गडगडत जायचा, मग धावत आणायचा. खेळाची मजा गेली. आमची शाळा सगळ्यांकडून हरायला लागली. लांज्याची पोरंसुद्धा आम्हाला हरवून गेली. शेंगा खाणारे लोक यायचे बंद झाले.

त्यात ती दोरीही धड नव्हती. शाळेतल्या एकाही पोराच्या खांद्याला ती येत नव्हती. बहुतेकांच्या डोक्यावरून जात होती. पोरं म्हणायची, "मास्तर, दोरी उंच झाली, जरा खाली घ्या." मास्तर म्हणायचे, "असू दे." मीही एकदा म्हणालो. मलाही तेच उत्तर. पावसाळ्यात दोरी कुजायची, ते दर वर्षी नवी बांधायचे, आणि त्याच उंचीवर. शाळेच्या कमिटीला तेवढंच निमित्त पुरलं. हरणारा संघ आणि कुणाच्याच मापाची नसलेली दोरी. मास्तरांचं डोकं चालत नाही असा निकाल झाला. हॉकी त्यांच्याकडून काढून एका तरुण मास्तराकडे दिली. ठराव मांडणारा माणूस कोण होता सांगू? बंदरावर हार घालून भाषण करणारा तोच वकील.

मी पेटलो. कमिटीवर आणि त्या क्लबावर एकच पत्रक काढायचं ठरवलं, मजकूर लिहून मास्तरांना वाचून दाखवायला गेलो. ते पडवीत बसले होते. "काय पत्रकवाले," म्हणाले, "आज कुणाला फाडलंस?" मी वाचलं. सगळं शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "जोरदार हाय. पण यात गंग्याचं नाव आलं. पूर्णगडला हे कुणीतरी वाचून दाखवील त्याला. परत एकदा भात झोडायला लावतोस काय त्याला?"

मी म्हणालो, "मग हे लोक सुटणार, मास्तर."

"सुटू देत. तू काय सगळ्यांना पकडणार हायस?"

आतून मामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "चाय निवते. फाडाफाडी मागून करा." पत्रक तिथंच राहिलं.

पोरं गेली तरी मास्तर सड्यावर जायचे थांबले नाहीत. संध्याकाळी एकटेच चढायचे, दोरी ताणून बघायचे, खांबाला टेकून बसायचे. मी गावात असलो की सोबत करायचो. वाट बघतोय असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पण तोंड कायम दक्षिणेच्या पायवाटेकडे असायचं, खाडीकडून येते तिकडे. शेवटच्या भेटीत, मी चिपळूणला निघालो तेव्हा, विचारत होते, "पूर्णगडच्या बाजूला तुझी सभा नाय का रे होत?" मी म्हणालो, मच्छीमारांच्या गावात आमचं कोण ऐकणार. हसले, आणि म्हणाले, "ऐकतात. ऐकायला सांगावं लागतं आधी..."

त्यांच्या मयतीच्या चाळिसाव्या दिवशी मामीनं जेवण ठेवलं होतं. मी गेलो तर पडवीत गंगाराम बसलेला. अंगाने भरलाय, हातांना मिठाच्या भेगा. बातमी त्याच्याकडे होडीवाल्यांनी माझ्याआधी पोचवली होती. मयतीलाही तो आला होता आणि खांदा देऊन कुणाशी न बोलता परत गेला होता, हे मला मामीनं सांगितलं. जेवण झाल्यावर तिनं खुंटीवरची शिट्टी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं हात मागे घेतला. "नको मामी. ऱ्हाऊ दे खुंटीला." मामीनं आग्रह केला नाही.

मग तोच मला म्हणाला, "सड्यावर जाऊन येऊ काय?"

आम्ही चढलो. नवीन मास्तरानं हॉकी बंद करून पोरांना लेझीम लावलंय, त्यामुळे वर कुणी नव्हतं. गोलाचे दगड ढासळलेले. दोरी मात्र होती; शेवटचा पावसाळा संपल्यावर मास्तरांनीच बांधलेली, अजून ताठ. गंगारामनं ती कधी पाहिली नव्हती, तिच्याविषयी ऐकलंही नव्हतं. "ही कशाला?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, काठी वर जाऊ नये म्हणून. पोरांना उंच व्हायची पण ते खाली घेत नसत, डोकं चालेनासं झालं असं लोक म्हणत...

मी बोलत होतो आणि तो चालत दोरीखाली जाऊन उभा राहिला. दोरी त्याच्या खांद्याला टेकली. वर नाही, खाली नाही, बरोबर खांद्यावर.

 गंगारामनं मान वळवून दोरीकडे पाहिलं, मग सुरूकडे, मग खांबाकडे. दोन्ही हात काठी धरल्यासारखे जुळवले आणि हळूहळू वर नेले. मनगटं दोरीला लागली तिथं थांबवली. बराच वेळ तो तसाच उभा होता.