एकाच वायरवर दोन आकडे

"माझ्या हातून कनेक्शन सैल राहिल्यामुळे कपॅसिटर फुटला." कागदावर एवढंच टाइप केलेलं होतं. खाली रचना तायडेचं नाव आणि सहीसाठी जागा. मेंटेनन्स मॅनेजर प्रभाकर मोकाशींनी पेन पुढे सरकवलं. रचनाने ते उचललं नाही.

"ते कनेक्शन मी स्वतः आवळलेलं, सर. दोनदा. मी खोटं लिहून देणार नाही."

"मग नोटीस लागेल फाइलला."

"लावा."

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात रचना अकरा वर्षं इलेक्ट्रिशियन होती. वाढली कल्याणला, वालधुनीतल्या बौद्ध वस्तीत. वडील महेंद्र पालिकेच्या दिवाबत्ती खात्यात होते, खांबावर चढायचे. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पहिल्या नोकरीत ठेकेदार म्हणाला होता, मुलींना शिडीवर चढवत नाही. ती शिडी न घेताच छपराच्या तुळईवर चढली, पंखा जोडून खाली आली, आणि दुसऱ्या दिवशी तिने ती नोकरी सोडली.

कारखान्यात गेल्या तीन महिन्यांत चार कपॅसिटर गेलेले. मोटारींमुळे लाइनवर पडणारा जादा भार सावरायचं काम या डब्यांचं. पहिले तीन नुसते फुगले. चौथा फुटला तेव्हा राघोकाका, रंगाच्या मशिनवरचे जुने कामगार, पॅनेलरूमच्या दारातून चालले होते. गरम तेल उडून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोष कुणाचा तरी दाखवायला हवा होता. रचना समोर होती.

तिला मात्र एक गोष्ट दिसत होती. जुन्या मोटारी चालू असल्या की कपॅसिटर कोमट राहायचे. मोटारींचा वेग कमी-जास्त करणारे नवे ड्राइव्ह सुरू झाले, की डब्याला हात लावता यायचा नाही. आणि ड्राइव्ह बसले त्याला बरोबर तीन महिने झालेले.

नोटीस लागली त्याच दिवशी, ड्यूटी संपल्यावर ती ठाण्याला नौपाड्यात शिवराम सरांकडे गेली. आयटीआयत त्यांनीच शिकवलेलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, हार्मोनिक्स आहेत हे," ते म्हणाले. "वीज सेकंदाला पन्नास वेळा एका लयीत झुलते. ड्राइव्ह करंट सलग ओढत नाही, लचके तोडल्यासारखा ओढतो. मग त्या लाटेत अडीचशे, साडेतीनशे वेळा झुलणाऱ्या भलत्याच लाटा मिसळतात. कपॅसिटरमध्ये त्या सहज घुसतात. तो तापतो, फुगतो आणि फुटतो. मी येऊ का उद्या? मी सांगतो त्यांना."

"नको, सर. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं ऐकतील. मला माझं ऐकवायचंय. फक्त तुमचा चांगला मीटर द्या."

दुसऱ्या दिवशी तिने थेट मालकांना, मितेशशेठना, पॅनेलरूममध्ये बोलावलं. मोकाशीही आले, आपला मीटर घेऊन. रचनाने ड्राइव्हच्या एकाच वायरला दोन्ही मीटर अडकवले. मोकाशींचा बासष्ट अँपिअर दाखवत होता, तिचा चौऱ्याऐंशी.

"तुझा मीटर बिघडलाय," मोकाशी म्हणाले.

"बघू या." तिने दोन्ही मीटर जुन्या पंपाच्या वायरला लावले. दोन्हींवर एक्केचाळीस. "इथे ड्राइव्ह नाही, लाट साफ आहे, म्हणून दोघांचं जमतं. तुमचा साधा मीटर लाट साफ आहे असं धरूनच मोजतो; ती वेडीवाकडी झाली की तो कमी दाखवतो, सर. म्हणून तीन महिने तुम्हाला सगळं ठीक दिसत होतं."

मग तिने तिचा मीटर कपॅसिटरच्या वायरला लावला. डब्यावर पस्तीस अँपिअर लिहिलेलं. मीटरवर बावन्न. तिने ड्राइव्ह एकेक करून बंद करायला लावले. सेहेचाळीस. एकोणचाळीस. चौतीस.

"व्होल्टेज तेवढंच आहे, कनेक्शन तेच आहे," ती म्हणाली. "सैल काय होतं, सांगा."

मितेशशेठनी घाम पुसला. "उपाय?"

"कपॅसिटरच्या आधी रिअ‍ॅक्टर, म्हणजे तारेची जाड कॉइल, बसवा; मग या लाटा आत घुसणार नाहीत. ड्राइव्हना फिल्टर लावा, म्हणजे त्या लाइनवर कमी जातील. तोवर कपॅसिटर बंद."

"बंद ठेवले तर पॉवर फॅक्टर पडेल, वीजबिलात दंड लागेल," मोकाशी पुटपुटले.

"पडू दे. राघोकाकांना अजून डाव्या हाताने जेवावं लागतंय."

मितेशशेठ समजुतीने म्हणाले, "ठीक आहे, रचना. झालं गेलं विसर. नोटीस फाडून टाकू."

"फाडून नाही चालणार, शेठ. ती चुकीची होती, असं लेखी हवं. आणि काकांच्या अपघाताच्या नोंदीत खरं कारण हवं."

"नाही दिलं तर?"

"सरकारी इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टरकडे मी जाईन. आकडे माझ्याकडे आहेत."

तिने नजर खाली घेतली नाही, पण नोकरी जाईल असं वाटून गेलं होतं, हे तिनेच नंतर आईला, रंभाबाईंना, सांगितलं. "मग गप्प बसायचंस ना," असं आई म्हणाली नाही. तिने भाकरीवर आणखी एक चमचा तूप घातलं.

लेखी पत्र यायला नऊ दिवस लागले. अपघाताची नोंद बदलली आणि राघोकाकांना भरपगारी रजा मिळाली. महिन्याभरात रिअ‍ॅक्टर आणि फिल्टर बसले. ते बसवताना रचना तीन दिवस ठेकेदाराच्या माणसांच्या डोक्यावर उभी होती. दोन फेजच्या वायरी अदलाबदल करून जोडलेल्या तिने पकडल्या आणि सोडवून पुन्हा जोडायला लावल्या. पुढचा अख्खा उन्हाळा एकही कपॅसिटर फुगला नाही.

मोकाशी तिच्याशी अजून बोलत नाहीत. काम असेल तर चिठ्ठी पाठवतात. रचना मात्र रोज सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात क्षणभर थांबते आणि सगळ्या डिपार्टमेंटला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणते, "जय भीम, सर!"