लाल बोटांच्या काकू

टेक्सासातल्या शुगर लँडच्या पंचक्रोशीत काकूंनी संशयानं पाहिली नाही अशी धातूची एकही वस्तू नसावी. आमच्या कारखान्यात मोठमोठ्या पंपांचे शाफ्ट तयार होत आणि ते न कापता, न फोडता आत कुठे तडा आहे का हे शोधणं, हे काकूंचं काम. गर्भार बाईच्या पोटावर जेल लावून यंत्र फिरवतात, तसंच त्या पोलादावर फिरवत आणि पडद्यावरच्या रेघेकडे बघत बसत. मूळच्या सांगलीच्या. मी नागपूरहून येऊन तिथे प्रॉडक्शनला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना "काकू" म्हणालो. आमच्या सहा फुटी टेक्सन मॅनेजरला ते त्यांचं टोपणनाव वाटलं. महिन्याभरात सगळा कारखाना, त्यांच्याहून वयानं मोठे वेल्डरसुद्धा, त्यांना "काकू" म्हणू लागला.

वरवरचे तडे शोधायला त्या एक लाल रंग वापरत. रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर त्यात मुरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो. त्या रंगानं काकूंची बोटं कायमची लाल झालेली. हळदीकुंकवाला नव्या बायकांना वाटे, या घरूनच कुंकू लावत आल्या आहेत. तो रंग त्यांच्या पर्समध्येही असे. एकदा माझ्याकडे जेवायला आल्या आणि आईनं नागपूरहून पाठवलेल्या कुकरकडे टक लावून बघत राहिल्या.

"काकू, वरण लावायचंय," मी म्हणालो.

"लाव की. पण आधी मला पाच मिनिटं दे."

पाच मिनिटांनी झाकणाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली. "चौथ्या शिट्टीला वरण छताला लागलं असतं," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या आणि आम्ही पिझ्झा मागवला.

"चांगलं आहे" हे शब्द मात्र त्यांच्या तोंडी कधी येत नसत. त्यांचं म्हणणं, तपासणाऱ्यानं फक्त दोष आढळला नाही एवढंच सांगावं. चांगलं असल्याची हमी देव देईल. एका बारशात बाळाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "काकू, कसं वाटतंय आमचं पिल्लू?" काकूंनी चष्मा पुसला, बाळ नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वरवर पाहता दोष आढळत नाही." ती आई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती.

अशा या काकूंनी एकदा माझाच शाफ्ट अडवला. नागपूरला बहिणीचं लग्न होतं, माझं तिकीट काढलेलं होतं, आणि तो शाफ्ट गेला की मी निघणार होतो. काकूंनी पडद्यावरच्या एका बारीक उंचवट्यावर बोट ठेवलं. "आत तडा आहे. मी सही करणार नाही." मॅनेजरनं विनवलं, मग आवाज चढवला. काकू हलल्या नाहीत. शाफ्ट रद्द झाला, माझी रजाही रद्द झाली. नवा शाफ्ट माझ्या देखरेखीखाली करायचा ठरला आणि तडा कसा आहे ते पाहायला जुना शाफ्ट कापला गेला.

आत काहीही नव्हतं. दुधासारखं स्वच्छ पोलाद.

काकू तीन दिवस ते तुकडे घेऊन बसल्या. चौथ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये उभ्या राहून त्यांनी सांगितलं, की शाफ्टची जाडी जिथे बदलते त्या पायरीवर यंत्रानं आत सोडलेला आवाज आपटून परत येत होता, तोच मी तडा समजले, चूक माझी आहे. कुणी विचारलं नव्हतं. मग बाहेर मला गाठून म्हणाल्या, "शाफ्ट पुन्हा करता येतो रे. तुझ्या बहिणीचं लग्न माझ्यामुळे चुकतंय."

"असू दे काकू," असं मी म्हणालो आणि आठवडाभर लंचला दुसऱ्या टेबलावर बसलो.

लग्नाला गोरज मुहूर्त होता. म्हणजे आमच्याकडे सकाळचे सव्वाआठ. आठ वाजता दार वाजलं. दारात काकू, अंगावर जांभळी पैठणी आणि पायात कारखान्यातले पोलादी टोकाचे बूट, कारण इथून थेट कामावरच जायचं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी उशिरा येण्याची परवानगी मागितली होती. हातातल्या डब्यात शिरा आणि एका वाटीत कुंकवानं रंगवलेले तांदूळ.

कॉलिंग कार्डावर फोन लावून मी स्पीकर सुरू केला. तिकडे मामाचा गोंधळ, भटजींचा बसका आवाज, कुणाचं तरी रडणारं मूल. प्रत्येक "सावधान"ला आम्ही दोघं ओट्यावरच्या फोनवर अक्षता टाकत होतो. शेवटच्या मंगलाष्टकाला माझा हात थांबला. काकूंनी माझ्या मुठीतले तांदूळ आपल्या लाल बोटांनी घेतले आणि माझ्या वाटच्या अक्षताही त्यांनीच टाकल्या.

पुढे त्या रिटायर होऊन दूर उत्तरेला, ईडन प्रेरीला, मुलीकडे गेल्या. तिथली थंडी सोसत नाही म्हणतात, फोनही आताशा कमीच होतो. बहिणीनं लग्नाची सीडी पाठवली होती, तिच्यात मी कुठेच नाही. कुणी त्या लग्नाची आठवण काढली, की माझ्या डोळ्यांसमोर मात्र मांडव येत नाही. शिरा संपवून, निऱ्या वर धरून, त्या जड बुटांनी अपार्टमेंटचा जिना सावकाश उतरणाऱ्या काकू दिसतात.