आमच्या अंगणवाडीतले चमकणारे जंतू

अंगणवाडीत सगळ्याचं रजिस्टर असतं. लेकरांच्या वजनाचं, उंचीचं, लसीचं, खिचडीच्या तांदळाचं. आता तर अर्धं मोबाइलमध्ये गेलं. फक्त लेकरं दिवसभर काय बोलतात, याचं रजिस्टर कुणी दिलं नाही. म्हणून ते सगळं माझ्या डोक्यात साचत गेलं. चौदा वर्षं झाली! महिन्याच्या मीटिंगला आम्ही चार सेविका तालुक्याच्या गावी देवरीला भेटलो, की चहा येईपर्यंत एकेक किस्सा निघतोच.

आमचं गाव चिचगडच्या रस्त्यावर. एक खोली, पुढे ओटा, ओट्यासमोर बोरिंगचा हातपंप. तीन ते सहा वर्षांची बावीस लेकरं, मी, आणि मदतनीस शेवंताबाई. शेवंताबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. खिचडी, लेकरं आणि मी, तिघांनाही त्या एकाच आवाजात धाकात ठेवतात.

एका वर्षी हगवण लागून आमची तीन लेकरं एकाच आठवड्यात दवाखान्यात गेली. त्यातली माही चार दिवस सलाइनवर होती. परत आली तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. त्या दिवशी मी ठरवलं, बाकी काही शिको न शिको, या खोलीतलं प्रत्येक लेकरू हात धुऊनच जेवेल.

ठरवायला काय जातं! "हातावर जंतू असतात," म्हटलं, की आमचा पार्थ म्हणायचा, "दाखवा!"

*

दाखवायचेच तर दाखवू, म्हणून मी गोंदियाच्या बाजारातून चमकीची पुडी आणली. माहीच्या हाताला थोडं तेल लावलं, वर चमकी टाकली आणि म्हटलं, "आता सगळ्यांशी हात मिळव." पाच मिनिटांत चमकी सगळ्यांच्या हातावर. मग नाकावर, पाटीवर, पाण्याच्या हंड्यावर, शेवंताबाईंच्या पदरावर!

"पाहा, जंतू असे पसरतात! चला, आता साबणाने धुऊन टाकू."

कुणी जागचं हललं नाही. माहीने तर दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मी नाई धूत. माये जंतू चांगले आहेत!"

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई तिला घेऊन आली. तिचं माहेर गोंदिया शहरातलं, त्यामुळे बोलणं सगळं हिंदीत. "मॅडम, ये आपने क्या सिखाया? सुबह से रो रही है. कहती है, मुझे कीटाणू चाहिए!"

मी चमकी कपाटात ठेवून दिली. चुलीतला कोळसा बारीक कुटला, तेलात कालवला आणि तोच खेळ पुन्हा मांडला. या वेळी बावीसच्या बावीस लेकरांनी कोपरापर्यंत हात धुतले. जंतू दिसायला घाण पाहिजेत, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं!

*

हात धुवायचे तर पाणी पाहिजे, आणि बोरिंगचा दांडा लेकरांच्याने हलत नाही. म्हणून आम्ही पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन घेतली. दोन बांबू रोवून ती आडव्या काठीला लटकवली, तिला दोरी बांधली, दोरीच्या खालच्या टोकाला एक काडी. काडीवर पाय दिला की कॅन वाकते आणि पाण्याची धार पडते. लेकरांनी तिला रंगाने डोळे काढले, जुन्या चादरीचे कान चिकटवले आणि नाव ठेवलं हत्ती.

पहिल्या दिवशी साडेदहाच्या आत हत्ती सहा वेळा रिकामा! पाणी भरून भरून शेवंताबाईंनी कंबरेवर हात ठेवला.

"मॅडम, मी खिचडी पाहू का तुमच्या हत्तीले पानी पाजू?"

मग आम्ही नियम केला. दहापर्यंत मोजायचं, हात चोळायचे, बाजूला व्हायचं. दोन दिवसांत रांग लागायला लागली. तिसऱ्या दिवशी रांग संपली तरी पाण्याचा आवाज थांबेना. बाहेर जाऊन पाहते तो आरुषने बकरीचं पिल्लू काखेत धरलेलं, एका पायाने काडी दाबून राहिला आणि पिल्लाचे पुढचे दोन्ही पाय साबणाने घासून राहिला! पिल्लू ओरडतंय, हा मोजतोय, "सात, आठ..."

"काय करून राहिला रे?"

"त्याचे हात धुवून राहिलो. ते बी खिचडी खाते ना!"

"कोण देतं त्याला खिचडी?"

आरुषने स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. शेवंताबाई एकदम पातेलं घासायला बसल्या. पातेलं कालच घासलेलं होतं!

*

भाज्यांचं तर विचारू नका. आमच्या लेकरांना हिरवं काही दिसलं की ते बोटाने वेचून ताटाच्या कडेला लावतात. मी घरोघरी फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, जाड कागद फुकटात दुसरा मिळत नाही. त्यांचे मुखवटे केले. वांगं, भेंडी, टमाटर आणि मुनगा. तुम्ही ज्याला शेवगा म्हणता, तो आमचा मुनगा. उंच आणि काटकुळा म्हणून तन्मय झाला मुनगा. दोन दिवस तालीम चालली. तन्मय छाती काढून म्हणायचा, "मी मुनगा! मले खा, ताकद येईल!"

तिसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी मुद्दाम खिचडीत मुनग्याचा पाला घातला. मी आनंदात सांगितलं, "आज खिचडीत कोण आहे ओळखा! मुनगा!"

तन्मयने ताटाकडे पाहिलं. मग सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं. आणि भोंगा पसरला.

"मले खाऊन राहिले!"

बावीस लेकरांनी घास खाली ठेवले. ईश्वरीने तर आपल्या खिचडीतली पानं एकेक वेचली आणि त्याच्या हातात परत दिली. "घे, मी नाई खात तुले."

तीन दिवसांची मेहनत पाण्यात! पण मी उठले नाही. तन्मयच्या बाजूला मांडी घालून बसले. म्हटलं, "अरे, मुनगा संपत नाही. तो पोटात गेला की ताकद होतो. तू आता ज्याच्या पोटात जाशील, त्याच्या हातात तुझी ताकद राहील."

त्याने नाक पुसलं.

"मंग मी पयले मायच्या हातात जातो. माय दिवसभर रोवनी करते."

त्याची आई तेव्हा रोज लोकांच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धान रोवायला जायची. त्या दिवशी तन्मयने खिचडीला हात लावला नाही. भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई रोवणीला जाता जाता दारात थांबली. नखांत कालचा चिखल, डोळे भरलेले. म्हणाली, "मॅडम, आज बी घालजा मुनगा. आज तो खाईन. मी खाल्ली त्याच्यासमोर."

*

दात घासायला शिकवण्यासाठी मी खोक्याचं मोठं तोंड केलं. दात म्हणून बाटल्यांची बारा पांढरी झाकणं चिकटवली, मधल्या फटींत माती भरली. लेकरांनी जुन्या ब्रशने माती काढायची. सगळे भिडले. ईश्वरी तेवढी उठून घरी पळाली. घर समोरच. परत आली ती हातात एक डबी घेऊन.

"ब्रश कायले? आजी तं याच्यानं घासते!"

डबी गुडाखूची. तंबाखूचा तो काळा लेप, आमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्या त्यानेच दात घासतात. मी झडप घालून डबी काढून घेतली. तेवढ्यात आजीच दारात!

"कोनी आनली व माई डबी?"

मी डबी दिली नाही. खोक्याचं तोंड पुढे केलं आणि विचारलं, "आजी, याचे दात बारा आहेत. तुमचे किती राहिले?"

ईश्वरीने लगेच आजीच्या तोंडात डोकावून इमानदारीने मोजले आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "चार!"

मला वाटलं आता म्हातारी मला झोडपते. पण तिने हात पुढे केला, डबी घेतली, कमरेला खोचली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा हातात कडुनिंबाच्या काड्यांची जुडी. मोजून बावीस, सगळ्या एकसारख्या तोडलेल्या.

"ज्याच्या घरी ब्रश नसन, त्याले देजो."

डबी कमरेला होतीच. पण काड्या ती अजूनही दर सोमवारी आणून देते.

*

एकदा जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले. लेकरं रांगेत, भिंतीवर मुखवटे, सगळं टापटीप. साहेबांनी पार्थला विचारलं, "बाळा, हात केव्हा धुवायचे?"

पार्थ ताठ उभा राहिला. "साहेब येते तवा!"

साहेब हसले. मी कुठे पाहावं हेच मला कळेना. साहेब गेल्यावर पार्थला समोर उभं केलं. "का रे, बाकीच्या दिवशी नाही धूत आपण?"

"बाकीच्या दिवशी तं धुतोच. आज दोनदा धुवाले लावले ना तुमी!"

शेवंताबाई म्हणाल्या, "खोटं काय बोलला लेकरू?"

त्या दिवसापासून कुणी येवो, आमच्याकडे हात एकदाच धुतले जातात.

*

आता सार्थकचं सांगते.

सार्थक साडेचार वर्षांचा. एकदा मी लेकरांना माती देऊन म्हटलं, "घरी जे रोज पाहता, ते बनवा." कुणी चूल केली, कुणी गाय. सार्थकने मातीचा चुरा केला, प्लास्टिकच्या पन्नीत भरला, फरशीवर तळहाताने घोटला, दोऱ्याने पीळ देऊन पुडी बांधली आणि गालात धरल्यासारखं करून पिचकारी टाकली. खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना आमच्याकडची माणसं अशीच घोटतात. दहा मिनिटांत सात पोरं गाल फुगवून बसली होती.

सार्थकचे वडील गजाननभाऊ ट्रॅक्टर चालवतात. त्याच्या आईला विचारलं तर तिने पदर तोंडाला लावला. "त्यायचं तोंड दोन बोटं बी उघडत नाही आता, मॅडम. भाजीचं तिखट लागलं का डोळ्यातून पानी येते. डॉक्टरनं सांगतलं, आता सोड. आयकतच नाहीत."

पालकांच्या मीटिंगला मी गजाननभाऊंशी बोलले, तर ते सगळ्यांसमोर उभे राहिले. "मी खातो, मी भोगन. तुमी पोरायले शिकवा, मले नका शिकवू!"

"बरं," मी म्हटलं. "पोरांनाच शिकवते."

मी खर्र्याचा खेळ बंद केला नाही. बंद केला असता, तर तो अंगणवाडीच्या मागे चालला असता. मी खेळातला माल बदलला. दुकान तेच, दुकानदार सार्थकच. पन्नीऐवजी वर्तमानपत्राचे चौकोन, आणि आत मुरमुरे आणि किसलेला गूळ. करवंट्यांचा तराजू केला. पुडीला पीळ द्यावा तर सार्थकनेच, तसा पक्का दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. महिनाभर रोज दुकान लागलं. पोरं पुड्या सोडून मुरमुरे खायची, आणि थुंकायचं कुणालाच सुचेना.

एके दिवशी दुपारी गजाननभाऊ सार्थकला न्यायला आले. ट्रॅक्टर फाटकाशी चालूच ठेवलेला, गालात खर्रा. सार्थक दुकान सोडून उठेना. त्याने एक पुडी उचलली आणि बापासमोर धरली.

"बाबा, हे खाऊन पाय. याले थुकावं नाही लागत."

गजाननभाऊ काहीतरी बोलायला गेले. तोंड भरलेलं, बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तराजूच्या दोऱ्या सरळ करत राहिले. मला त्यांना शिकवायचं नव्हतं.

सार्थकचा हात तसाच पुढे.

गजाननभाऊ कुंपणापर्यंत गेले. थुंकले. जाऊन ट्रॅक्टर बंद केला. बोरिंगवर तोंड धुतलं, तीनदा. मग येऊन पायरीवर बसले, पुडीचा पीळ सोडला आणि जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्या फटीतून दोन दोन मुरमुरे आत टाकू लागले. पुडी संपायला खूप वेळ लागला. शेवंताबाई दारात उभ्या होत्या.

सार्थकने रिकामा कागद बापाच्या हातातून घेतला आणि नीट घडी केली.

"अजून पायजे असन तं उद्या येजो. आमचं दुकान दहा वाजता उघडते."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी होती. मी कुलूप काढत होते. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला आणि फाटकाशी येऊन बंद झाला.